शस्त्रक्रियेपूर्वीचे जेवण



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी व्याख्यान ऐकायला जाण्याची चाल या शहरात पडली आहे. त्या चालीचा मी एक जुना लाभार्थी. माझी शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते वाचनालयात, कामगार न्यायालयाच्या बाकावर आणि अशा व्याख्यानांच्या मागच्या रांगेत. तीस वर्षे पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या कारखान्यांत संघटनेचे काम केले. आजचा विषय मात्र वेतनकराराचा नाही. वजन घटवण्यासाठी जठरावर शस्त्रक्रिया करून घ्यायचे ठरले, तर ती होण्यापूर्वीच्या महिन्यांत माणसाने काय आणि कसे जेवावे, हा आजचा विषय आहे.

मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. परंतु ही शस्त्रक्रिया मी स्वतः करून घेतली आहे, तिच्या आधीच्या काळात मोठी चूक केली आहे, आणि ती चूक समजून घेताना पुष्कळ वाचले व पुष्कळांना विचारले. त्यातले जे पक्के समजले तेवढेच आपल्यापुढे ठेवतो. आपापल्या डॉक्टरांचा शब्द माझ्या शब्दाच्या वरचा, हे आधीच सांगून टाकतो.

ही शस्त्रक्रिया म्हणजे काय?

जाड माणसाला उपदेश फुकट मिळतो. ‘कमी खा आणि चाला’ हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकले आहे की त्याची घोषणा करून मोर्चात द्यावी. हे वाक्य खोटे नाही; पण अपुरे आहे. वजन फार वाढले की शरीर त्या वजनालाच आपला हक्क समजू लागते. थोडे उतरवले तर भूक वाढवते, खर्च कमी करते आणि गेलेले किलो परत मिळवते. म्हणून काही माणसांना शस्त्रक्रियेचा आधार घ्यावा लागतो. यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६० नंतरच्या दशकात या दिशेने महत्त्वाचे पाऊल टाकले. पोटातील व्रणामुळे ज्यांच्या जठराचा मोठा भाग काढावा लागे, त्यांचे वजन उतरते आणि सहसा पुन्हा चढत नाही, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली होती. आज प्रामुख्याने दोन प्रकार केले जातात. एकात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून उरलेल्याची अरुंद नळी करतात. त्याला स्लीव्ह म्हणतात. दुसऱ्यात जठराच्या वरच्या टोकाची लहानशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात, तो बायपास. दोन्हींमध्ये जेवण थोडक्यात भागते आणि भूक चाळवणाऱ्या संप्रेरकांचा कारभारही बदलतो.

ही शस्त्रक्रिया कोणासाठी, हे ठरवताना उंचीच्या मानाने वजन पाहतात. त्या आकड्याला सारे बीएमआय म्हणतात. २०२२ साली या क्षेत्रातील दोन संस्थांनी ३५ हा आकडा सर्वसाधारण धरला. आशियाई माणसासाठी मात्र २७.५ च्या पुढे विचार करावा असे सांगितले. असा भेद का? याचे उत्तर आपल्या पुण्यातच आहे. रास्ता पेठेतील के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात आपल्या दोघांचे छायाचित्रच छापले. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! म्हणजे आपला माणूस वरून बारीक दिसला तरी आतून चरबी बाळगून असतो. वजनाचा काटा आपल्याला जे सांगतो, त्याहून अधिक तो लपवतो.

माझी चूक

माझा आकडा लपण्यासारखा नव्हता. उंची पाच फूट सहा इंच, वजन ११८ किलो, बीएमआय जवळजवळ ४२. मधुमेह अकरा वर्षांचा, घोरणे असे की द्वारसभेला ध्वनिक्षेपकाची गरज पडू नये. शस्त्रक्रियेची तारीख मिळाली आणि मला वाटले, आता सुटलो. पुढे तर खायचे नाहीच, मग हे दोन महिने तरी खाऊन घ्यावे! सहकाऱ्यांनी निरोपाची जेवणे दिली. कोणी मिसळ, कोणी मटण, कोणी श्रीखंडपुरी. मी नाही म्हणालो नाही.

शस्त्रक्रियेच्या आधीच्या तपासणीत वजन सहा किलोंनी वाढलेले, रक्तातील साखर बेसुमार, आणि सोनोग्राफीत यकृत फुगलेले दिसले. शल्यविशारदांनी शांतपणे सांगितले, “आता करणार नाही. तीन महिन्यांनी या.” मी चिडलो. घरी आलो तो मोर्चा काढण्याच्या तयारीत. पत्नीने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि म्हणाली, “अहो, तारीख ऑपरेशनची ठरली होती की बारशाची?”

त्या रात्री मला जे उमजले ते माझ्या धंद्यातलेच होते. संप जिंकला जातो तो संपाच्या दिवशी नव्हे. आधी सहा महिने वर्गणी जमवावी लागते, घरोघर धान्य आहे का ते पाहावे लागते, लोकांना शिस्तीची सवय लावावी लागते. हे मी शेकडो कामगारांना शिकवले होते, आणि स्वतःच्या पोटाच्या बाबतीत सारी शिल्लक आधीच उधळून बसलो होतो.

आधी तयारी कशासाठी?

याची कारणे तीन. पहिले कारण यकृत. यकृताचा डावा भाग जठराच्या वरच्या अंगावर छपरासारखा पसरलेला असतो. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करताना तो उचलून धरावा लागतो. चरबीने भरलेले यकृत जड आणि ठिसूळ होते. ते उचलताना रक्तस्राव होऊ शकतो, आणि खालचे जठर दिसेनासे होते. सुदैवाने योग्य आहाराने हे यकृत लवकर आकसते. मेलबर्न येथील एक पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली. तीत ३२ जणांना बारा आठवडे अतिशय कमी उष्मांकाचा आहार दिला होता. यकृत जेवढे आकसले, त्यातला सुमारे ८० टक्के आकस पहिल्या दोन आठवड्यांतच झाला. शेवटचे दोन आठवडे डॉक्टर इतके कडक का होतात, हे यावरून समजेल.

दुसरे कारण शरीरातील शिल्लक. जाड माणूस म्हणजे पोसलेला माणूस, हा मोठा गैरसमज आहे. चरबी भरपूर आणि लोह, ड जीवनसत्त्व, बी-१२ यांचा दुष्काळ, अशी स्थिती नेहमी आढळते. डॉ. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यातील मध्यमवर्ग, झोपडपट्टी आणि आसपासची खेडी येथील ४४१ पुरुष तपासले होते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांत बी-१२ कमी निघाले, आणि सर्वांत जास्त कमतरता शहरी मध्यमवर्गात होती! हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. वनस्पतींतून जवळजवळ मिळत नाही. ते अन्नातून सुटे होण्यासाठी आणि आतड्यात शोषले जाण्यासाठी जठरातील स्राव लागतात. जठरच लहान केले की ही वाट आणखी अरुंद होते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच रक्त तपासून ही तूट भरून काढावी लागते. माझे बी-१२ इतके खाली होते की तळव्यांना येणाऱ्या मुंग्या मी उभ्याने भाषणे करण्याच्या खात्यावर मांडत आलो होतो.

तिसरे कारण सवय. शस्त्रक्रियेने जठर बदलते, हात बदलत नाही. दहा मिनिटांत डबा संपवणारा हात नव्या जठराशी तसाच वागला तर उलटी आणि वेदना ठरलेल्या. जुन्या जठराच्या साक्षीनेच नव्या सवयीची तालीम करून घ्यावी, हे उत्तम.

महिनोन्‌महिन्यांचे ताट

आहारतज्ज्ञ बाईंनी मला पहिला प्रश्न विचारला तो जेवणाचा नव्हताच. “काका, चहा किती वेळा होतो?” मी हिशोब केला. द्वारसभा, कामगार आयुक्तांचे कार्यालय, वकिलांकडची बैठक, असे करता सहा कप. प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे सुमारे दहा ग्रॅम साखर. दिवसाला साठ ग्रॅम, अर्थात २४० उष्मांक, आणि पोटात भर काहीच नाही. पहिली सुधारणा येथून झाली. चहा दोन कपांवर आणला, साखर बंद केली. बाटलीतली गोड पेये, सोडा, उसाचा रस आणि फळांचे रससुद्धा थांबवले. फळ चावून खावे, पिऊ नये.

दुसरी सुधारणा प्रथिनांची. वजन उतरताना शरीर चरबीबरोबर स्नायूही जाळते. ते वाचवण्यासाठी आणि जखम भरून येण्यासाठी प्रथिने हवीत. साधारणतः दिवसाला साठ ते ऐंशी ग्रॅम सांगतात. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी डॉक्टरांकडून स्वतंत्र आकडा घ्यावा. आपण म्हणतो, आम्ही रोज वरण खातो. पण वाटीभर पातळ वरणात डाळ किती असते? जेमतेम तीन-चार ग्रॅम प्रथिने हाती लागतात. तेव्हा वरण घट्ट करावे, भात चमच्यावर आणावा.

आमच्या घरचे ताट असे बसले. सकाळी दोन अंडी किंवा मूगडाळीची धिरडी. यातून बारा ग्रॅम. दुपारी ज्वारीची एक भाकरी, घट्ट डाळ, मटकीची वा मसुराची उसळ, वाटीभर दही आणि भरपूर कोशिंबीर. ही चोवीसच्या आसपास. संध्याकाळी ताक आणि मूठभर फुटाणे, सहा. रात्री शंभर ग्रॅम पनीर, किंवा तेवढेच मासे वा कोंबडी, बरोबर पालेभाजी आणि लहान भाकरी, तेवीस-चोवीस. निजताना पेलाभर बिनसाखरेचे दूध, सहा. बेरीज सत्तरच्या थोडी पुढे जाते. यात बाजारातली महागडी पूड कोठेही नाही, हे कामगार बंधूंनी ध्यानात घ्यावे. आणि ज्या घरात स्वयंपाक करणारी एकच व्यक्ती आहे, तेथे रोग्यासाठी वेगळी चूल मांडू नये. आमच्याकडे हेच ताट सर्वांना आले. मुलाने आठ दिवस कुरकुर केली आणि नंतर उसळ मागून घेऊ लागला.

शेंगदाण्यात प्रथिने आहेत, पण वजनाच्या जवळजवळ निम्मे तेलही आहे. तेव्हा चटणीपुरते दाणे ठीक, खारे दाणे मुठीने नव्हेत. चहा जेवणाला लागून घेऊ नये, कारण तो अन्नातील लोह शोषू देत नाही. उलट पालेभाजीवर लिंबू पिळले तर लोह अधिक अंगी लागते.

उपवासाविषयी थोडे स्पष्ट बोलतो. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्या पूर्वजांनीच करून ठेवली आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पीठ. शंभर ग्रॅममध्ये अर्धा ग्रॅमही प्रथिने नसतात. ज्याची श्रद्धा आहे त्याने उपवास दूध, ताक, दही यांवर करावा. आणि जो वजन उतरवण्यासाठी म्हणून दिवसभर कोरडा राहतो, तो रात्री नऊ वाजता स्वयंपाकघरात काय करतो, ते मी स्वानुभवाने जाणतो.

तिसरी सुधारणा जेवण्याच्या रीतीची. लहान घास, वीस-पंचवीस वेळा चावणे, ताटाला किमान वीस मिनिटे. जेवताना पाणी नाही. अर्धा तास आधी थांबवायचे आणि अर्ध्या तासाने पुन्हा सुरू करायचे, कारण नव्या जठरात अन्न आणि पाणी या दोघांना एका वेळी जागा नसते. मधल्या वेळात मात्र दिवसभर घोट घोट करून पुरेसे पाणी प्यावे. सांगायला हे सोपे आहे. मला नुसते पाण्याचे एक बंधन अंगवळणी पडायला पाच आठवडे लागले.

सिगारेट, तंबाखू, मिश्री, गुटखा यांची वजाबाकी याच काळात झाली पाहिजे. धूम्रपानाने जखम भरण्यास अडथळा येतो आणि नव्या जोडावर व्रण होण्याचा धोका वाढतो. दारूचेही तेच, यकृत आकसावे म्हणून आपण धडपडतो, तिथेच ती घाव घालते.

शेवटचे दोन आठवडे

शस्त्रक्रियेच्या आधीचे साधारण दोन आठवडे फार कमी उष्मांकाचा आहार देतात. बहुधा आठशे ते हजाराच्या आसपास. प्रत्येक रुग्णालयाची रीत थोडी निराळी असते. यात पिष्टमय पदार्थ अगदी थोडे, प्रथिने पूर्ण. कोठे सारेच पातळ देतात: दूध, ताक, गाळलेले सूप, डाळीचे कढण आणि प्रथिनांची पूड. पुडीचा खर्च करायचा तर तो येथे. तत्त्व असे की यकृतात साठवलेल्या साखरेबरोबर तिच्या तिप्पट पाणी धरलेले असते. बाहेरून पीठ-साखर येणे थांबले की हा साठा संपतो, पाणी उतरते, पाठोपाठ चरबीही कमी होऊ लागते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोके दुखते, चिडचिड होते, शौचाला साफ होत नाही. मी त्या दिवसांत व्यवस्थापनाशी एकही बैठक ठेवली नाही. दोघांच्याही हिताचे झाले. साधारण पाचव्या दिवसापासून मन स्थिरावते.

येथे एक गंभीर सूचना. ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या वा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी हा आहार आपल्या मनाने कधीही सुरू करू नये. अन्न एकदम कमी झाले आणि औषध तेवढेच राहिले, तर रक्तातील साखर कोसळते. घाम, थरथर, प्रसंगी बेशुद्धी. औषधाचे प्रमाण डॉक्टरांनी आधी बदलून द्यावे लागते. रक्तदाबाच्या औषधांचेही तसेच. तसेच २०२५ पासून आपल्याकडे वजन घटवण्यासाठी आठवड्याला एक अशी इंजेक्शने मिळू लागली आहेत. त्यांनी जठर रिकामे होण्यास उशीर लागतो. ती घेत असाल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना अवश्य सांगा. लपवलेले इंजेक्शन आणि लपवलेला वडापाव, दोन्ही भुलेच्या वेळी जीवाशी येऊ शकतात.

आदल्या रात्रीचे ‘शेवटचे जेवण’ तर नकोच. आणि ते शेवटचे नसतेही. आज दीड वर्षानंतर मी पुरणपोळी खातो. चतकोर खातो, आणि ती पूर्वीच्या चारांइतकी लागते.

अट आणि तयारी

आता एक भेद सांगून आवरते घेतो. काही ठिकाणी रुग्णाला सांगतात की अमुक किलो उतरवून या, नाहीतर शस्त्रक्रिया नाही. केवळ विम्याचा अर्ज पुढे सरकावा म्हणून अशी सरसकट अट घालण्याला पुरावा नाही, असे या क्षेत्रातील अमेरिकन शल्यविशारदांच्या संघटनेने २०१६ साली स्पष्ट केले आहे. ज्याला वजन उतरवता येत नाही म्हणून तो शस्त्रक्रियेला आला, त्यालाच आधी वजन उतरवण्याची परीक्षा घालणे हा अन्याय आहे. पण तयारी ही अट नव्हे. माझी तारीख पुढे गेली ती वजनाच्या परीक्षेत नापास झालो म्हणून नाही; यकृत आणि साखर त्या दिवशी धोक्याची होती म्हणून. हा भेद मला त्या दिवशी कळला नाही, आणि त्या डॉक्टरांची मी पुढे क्षमा मागितली. तीन महिन्यांत माझे वजन १२४ वरून ११३ वर आले, साखर ताब्यात आली, आणि शस्त्रक्रिया निर्विघ्न झाली. आज ८४ आहे. जीवनसत्त्वे जन्मभर घ्यायची आहेत, ती घेतो.

शेवटी माझ्या संघटनेची चूकही कबूल करतो. १९४८ च्या कारखाना कायद्याने अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यांसाठी उपाहारगृहाची तरतूद केली आणि कामाच्या मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती दिली. उपाहारगृह स्वस्त असावे म्हणून आम्ही वर्षानुवर्षे भांडलो. तेथे काय वाढतात, आणि हात धुण्याच्या रांगेतून सुटल्यावर जेवायला किती मिनिटे उरतात, याविषयी आम्ही कधी तोंड उघडले नाही. माझे ११८ किलो काही एकट्या माझ्या जिभेने कमावलेले नव्हते. त्यात रात्रपाळीचा आणि दहा मिनिटांच्या डब्याचाही वाटा होता.

म्हणून यंदाच्या मागणीपत्रात तीन नवी कलमे घातली आहेत. जेवणात रोज एक वाटी घट्ट उसळ, बिनसाखरेच्या चहाची वेगळी किटली, आणि रांगेचा वेळ सोडून जेवायला पूर्ण अर्धा तास. व्यवस्थापनाने किटली मान्य केली आहे. उरलेल्या दोन कलमांवर बोलणी चालू आहेत.